वन बीएचकेत स्वतःच फर्निचर करायचंय, सुरुवात कशापासून करू?

निशिगंधा
नमस्कार. डोंबिवलीत वन बीएचके आहे, कार्पेट ३९० चौरस फूट, इमारत नव्वदच्या दशकातली. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दुसरीतली लेक. हॉल १० बाय १४, बेडरूम ९ बाय १०. सुताराने सांगितलेला आकडा ऐकल्यापासून नवरा जेवण झालं की सुतारकामाचे व्हिडिओ बघत बसतो आणि 'आपणच करू' म्हणतो. मलाही हौस आहे. माझ्या लॅपटॉपसाठी टेबल हवंय, त्यावरच लेकीचा अभ्यास व्हावा. पाहुण्यांना बसायला काहीतरी, ज्याच्या पोटात सामानही मावेल. आणि पेटीचा डबल बेड. हत्यारं म्हणाल तर हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर, आणि कामाला जागा म्हणजे ४ बाय ८ची बाल्कनी. लाकूड कुठलं घेऊ, हत्यारं कुठली, आणि आधी काय करू?

आळशी_वेताळ
आधी खालच्या मजल्यावर लाडू नेऊन द्या. ड्रिलचा आवाज तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ऐकू येणार आहे.

काटकोन
सोसायटीत ड्रिलची वेळ मात्र खरंच विचारून घ्या.

निशिगंधा, बेड सध्या यादीतून काढा. १८ मिमी प्लायची ८ बाय ४ची शीट तीस-पस्तीस किलोची असते. तुमच्या बाल्कनीत ती आडवी टाकली की माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही. शिवाय पेटीच्या बेडचं झाकण उचलून धरणारा हायड्रॉलिक पंप वरच्या फळीच्या आणि गादीच्या वजनाप्रमाणे निवडावा लागतो. कमी ताकदीचा घेतला तर झाकण वर राहत नाही, जास्तीचा घेतला तर खाली बसत नाही. नवशिक्याने यात पडू नये. सुताराकडून एकच वस्तू करून घ्यायची असेल तर ती ही. आणि गादी आधी विकत घ्या, माप तिचं द्या. दुकानात ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तिन्ही लांब्या मिळतात, बेड झाल्यावर गादी शोधत फिरणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पहिली वस्तू चौरंग करा. चेष्टा नाही करत. एक फळी, चार पाय, चार पट्ट्या. काटकोन धरणं, स्क्रूआधी बारीक भोक पाडणं, पॉलिश पेपर ८० मग १२० मग २२० नंबरचा असा, खरखरीतकडून बारीककडे मारणं, सगळं त्यात येतं. बिघडला तर कुंडी ठेवायला होईल, साधला तर गणपतीत वापराल. लेक टेबलाशी बसेल तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकणार नाहीत, तिथेही तोच पायाखाली घ्या.

हत्यारांत इम्पॅक्ट ड्रिल, जिगसॉ (विजेवरची छोटी करवत), गुण्या (काटकोन तपासायला), स्टीलची टेप आणि चार सी-क्लॅम्प, म्हणजे फळ्या आवळून धरणारे शिकंजे. क्लॅम्पवर कंजूषी नको, फेविकॉल सुकेपर्यंत फळी धरून ठेवणारा माणूस घरात नसतो. लाकूड तासायचा रंधा आणि खाचा पाडायची पटाशी पुढे बघू.

नलूमावशी
प्लायवुडचंच काय कौतुक? जुन्या दारांची सागवानी लाकडं भंगारवाल्याकडे मिळतात. चाळीस-पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड, पावसाळ्यात फारसं फुगत-वाकत नाही. आमच्याकडे जुन्या चौकटीचं फडताळ आहे, अजून खुट्ट नाही.

काटकोन
मावशी, फडताळाबद्दल वाद नाही. पण जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात आणि जिगसॉचं पातं त्यावर गेलं की संपलं. आधी लोहचुंबक फिरवावा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर घरात आणूच नये, कीड बाकीच्या लाकडाला लागते. सरळ कडा मिळवायला रंध्याचा हातही हवा. यांच्यासाठी प्लायच बरा.

आता प्लाय कुठला? शीटवर आयएसआयचा छाप आणि क्रमांक बघा. आयएस ३०३चा एमआर म्हणजे साधा ओलावा सोसणारा, हॉल-बेडरूमला पुरतो. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाणी सोसणारा, तो ओट्याखाली किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीशी. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी, स्वस्त पडतो, पण एकदा काढलेला स्क्रू त्यात परत धरत नाही आणि पाणी लागलं की कडा फुगतात.

बारक्या
पॅलेटची, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींची लाकडं घेतली तर? आमच्या कंपनीच्या गेटवर फुकट पडलेली असतात.

काटकोन
चालतील, शिक्का बघून. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती घ्या. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती घरात नको. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असले तरी सोडून द्या.

भिंतफोड्या
मी सिव्हिलवाला, म्हणून फक्त भिंतीबद्दल बोलतो. टेबल भिंतीला घडी होणारं करा, १० फुटी हॉलमध्ये चार पायांचं टेबल म्हणजे रोजची ठेच. पण ते कुठल्या भिंतीला टांगणार? एक लहान भोक पाडून भुकटीचा रंग बघा. लाल आली तर वीट, करडी येऊन ड्रिल अडलं तर काँक्रीट, पांढुरकी मऊ आली तर एएसी, म्हणजे हलका सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक. तुमच्या काळातल्या इमारतीत बहुतेक वीट असेल, आणि आतल्या भिंती साडेचार इंची. त्यात नायलॉनची गिट्टी (भोकात बसवून स्क्रू पकडणारी नळी) चालते, पण गिट्टी विटेत जायला हवी, नुसत्या प्लास्टरमध्ये नाही. प्लास्टर अर्धा-पाऊण इंच खाऊन जातं, तेव्हा स्क्रू लांब घ्या. एएसी निघाला तर साधी गिट्टी सैल पडते, त्याची वेगळी मागा.

ब्रॅकेट सरळ भिंतीवर ठोकू नका. आधी ३ इंच रुंद लाकडी पट्टी भिंतीला चार-पाच ठिकाणी पक्की करा, टेबलाची बिजागरी त्या पट्टीला लावा, म्हणजे वजन वाटलं जातं. घडीचे ब्रॅकेट खालून येतील, त्यांच्यासाठीही अशाच उभ्या पट्ट्या. स्विचबोर्डच्या बरोबर वर-खाली भोक पाडायचं नाही, वायर तिथूनच गेलेली असते.

निशिगंधा
भोक पाडलं, लाल भुकटी आली! सासूबाईंना वाटलं भिंत पडतेय. टेबल ४८ बाय २० इंच ठरवलंय. उंची किती? आणि बसायला पेटीचं बाकडं केलं तर?

काटकोन
जमिनीपासून २९ इंच. लॅपटॉपला २० इंच खोली पुरते, पुढेमागे मोठा मॉनिटर घेणार असाल तर २४ करा.

बाकडं उत्तम. बसायची उंची १७-१८ इंच धरतात, पण वर २ इंची गादी टाकणार असाल तर पेटी १६चीच करा, नाहीतर सासूबाईंचे पाय लोंबकळतील. ४ फुटी पेटीला मध्ये उभा आधार द्याच, माणसं एका जागी धपकन बसतात. झाकणाला पियानो बिजागरी, म्हणजे सलग लांब पट्टीची बिजागरी लावा. घरात लहान मूल आहे, त्यामुळे झाकण हळू खाली येईल असा सपोर्ट हवा आणि मागच्या फळीला हवेसाठी भोकं. पेटी चौकोनी झाली का ते दोन्ही कर्ण मोजून बघा, सारखे आले की झालं.

नलूमावशी
आणि पॉलिश जूनच्या आत उरका. लाखेचं पॉलिश पावसाळी हवेत मारलं की पांढरं पडतं. जवसाचं तेल वापरलंत तर पुसायच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा, मग टाका. हे लोकांना थाप वाटते, पण खरं आहे.

निशिगंधा
बाप रे, हे माहीतच नव्हतं. मावशी, धन्यवाद.

प्लायच्या दुकानात मशीनवर कापून देतात, कापाप्रमाणे पैसे घेतात. बाकड्याच्या दोन बाजू आणि मधला आधार, तिन्ही १६ बाय १६. शीटची रुंदी ४८, म्हणजे एका ओळीत तिन्ही बरोबर बसतात ना?

काटकोन
नाही बसत. करवतीचं पातं दर कापाला साधारण ३ मिमी खातं. दोन काप म्हणजे ६ मिमी गेले, शेवटचा तुकडा तेवढा कमी भरणार आणि पेटी डुगडुगणार. तिन्ही ४०४ मिमीचे मागा आणि दुकानदाराला माप मिलिमीटरमध्येच लिहून द्या, इंच-सूत-दोरे सांगत बसलात की गोंधळ होतो. टेबलाची फळी मात्र शीटच्या ८ फुटी बाजूला धरून लांब काढा. वरच्या थराच्या रेषा लांबीला आल्या की फळी कमी वाकते. तीन चौकोन कसेही निघाले तरी चालतील.

आळशी_वेताळ
आणि लिफ्टमध्ये ८ फुटी शीट मावत नाही. कापूनच वर न्या, नाहीतर जिन्यातून न्यायला अजून एक डबा लाडू लागेल.