खाली घेतलेला पिकअप वळणावर फार झुकतो, आधी काय बदलू?

मदत हवी आहे. मी ह्यूस्टनला असतो. गाडी १९९४ ची शेव्हरोले सी१५००, टू-व्हील ड्राइव्ह. आधीच्या मालकाने ती पुढून ४ आणि मागून ६ इंच खाली घेतली आहे: पुढे ड्रॉप स्पिंडल (चाक वरच्या बाजूला बसवून गाडी खाली आणणारा भाग) आणि छोट्या स्प्रिंगा, मागे ॲक्सल पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगांच्या) वर घेणारा फ्लिप किट. चासीला सी-नॉच, म्हणजे ॲक्सलला वर यायला जागा देणारी सी आकाराची खाच, मारलेला आहे.

सरळ रस्त्यावर गाडी मस्त चालते. पण फ्रीवेच्या गोल रॅम्पवर ताशी ४० मैलांनाही इतकी कलते, की सीटवरची पाण्याची बाटली घरंगळत दाराला जाऊन आदळते. मागचा भाग उशिरा झुकतो आणि वळण संपल्यावर परत एक हेलकावा देतो. तेच जास्त भीतीदायक वाटतं.

आतापर्यंत चारही शॉकॲब्सॉर्बर नवे, आखूड लांबीचे घातले. पुढच्या अँटी-रोल बारचे (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश आणि लिंक बदलले. टायरमधली हवा वाढवून पाहिली, त्याने फक्त दणके वाढले. बॉल जॉइंट तपासले, ठीक आहेत. मागे बार मुळातच नाही.

सस्पेन्शनच्या एअरबॅग (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) नको आहेत, उंचीही बदलायची नाही. बजेट ६०० डॉलर, आणि हौदा बहुतेक रिकामाच असतो. म्हणून मागे जाड बार लावला तर पावसात मागची चाकं घसरतील अशी धास्ती वाटते.

तर पुढचा बार आधी जाड करू, की मागे बारीकसा बसवू? आणि फ्लिप किट व सी-नॉच असताना मागचा बार ॲक्सल वर आल्यावर कशाला घासत नाही ना? कुणी स्वतः बसवलाय का?