घरची दाण्याची चिक्की: मुंबईच्या हवेतले अनुभव

संक्रांत जवळ आली की मुंबईतल्या किराणा दुकानांत चिक्कीचा गूळ मागणाऱ्यांची गर्दी वाढते. शेंगदाणे आणि गूळ एवढेच जिन्नस असले, तरी आपल्या दमट हवेत खुटखुटीत चिक्की साधणे हे कौशल्याचे काम आहे. ज्यांच्या घरी ती नेमाने होते, त्यांनी आपली पद्धत कारणांसह सांगावी, ही विनंती.

गिरगाव
आमच्याकडे चिक्की सासूबाईंच्या देखरेखीखाली होते आणि त्यांचा सगळा भर पाकावर असतो. पाव किलो भाजलेल्या दाण्यांना साधारण दोनशे ग्रॅम चिक्कीचा गूळ त्या घेतात. पोळीसाठी वापरतो तो साधा गूळ त्यांना या कामाला चालत नाही, कारण त्याची चिक्की बहुधा मऊ राहते. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर गूळ मंद आचेवर विरघळवून तो सतत हलवायचा, फेस येऊन रंग गडद होऊ लागला की वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाकायचा. थेंबाची बोटांनी वळता येणारी गोळी झाली तर पाक लाडवांना योग्य, चिक्कीला कच्चा. तो थेंब काचेसारखा कट्कन तुटला पाहिजे आणि दाताला चिकटता कामा नये. त्यानंतर मात्र क्षणाचाही उशीर परवडत नाही. दाणे घालून मिश्रण तूप लावलेल्या ओट्यावर ओतायचे, लाटण्याने पातळ लाटायचे आणि गरम असतानाच सुरीने वड्या आखायच्या.

मुलुंड
मी तापमापक वापरतो. साखरेचा पाक साधारण १४६ ते १५४ अंश सेल्सिअसला कडक होतो, कारण तोवर त्यातले जवळजवळ सगळे पाणी उडून गेलेले असते. गूळ लवकर करपून कडवट होतो, म्हणून तो मी या मर्यादेच्या खालच्या टोकालाच उतरवतो. तरीही पाण्यातल्या थेंबाची परीक्षा अधिक विश्वासार्ह आहे, असे माझे मत आहे.

विलेपार्ले
दाण्यांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. दाणे मंद आचेवर आतपर्यंत खमंग भाजावेत, गार झाल्यावर चोळून सालं पाखडावीत आणि लाटण्याने हलकेच दाबून त्यांच्या पाकळ्या कराव्यात, म्हणजे चिक्की पातळ लाटता येते. पाक उतरवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला, तर त्यात बारीक बुडबुडे होऊन चिक्की हलकी होते; एकादशीसाठी करताना मात्र आमच्याकडे सोडा घालत नाहीत.

वरळी
आमचे घर समुद्राला लागून असल्यामुळे मला साठवणीचे महत्त्व सर्वांत जास्त वाटते. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे उघड्यावर राहिलेली चिक्की पावसाळ्यात काही तासांतच चिकट होते. वड्या पूर्ण गार झाल्याखेरीज डब्यात भरू नयेत. नाहीतर आतल्या वाफेनेच त्या मऊ पडतात. मी थरांमध्ये बटर पेपर घालते आणि एका मोठ्या डब्याऐवजी लहान लहान घट्ट झाकणाचे डबे भरते, म्हणजे एक उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.