मदत हवी आहे : यूव्ही फिल्टर ठेवू की काढू? (दिवसा जिनिंगची धूळ, रात्री वरातीचे लाइट)

राम राम मंडळी,

मी अमळनेरचा. लग्नाच्या ऑर्डरी घेतो, सीझन संपला की कॅमेरा घेऊन सातपुड्याकडे पळतो. बॉडी निकॉनची क्रॉप सेन्सरवाली (प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असलेली), लेन्स दोन : १८-१४० एमएमची झूम आणि ५० एमएम एफ १.८. दोघींवर पहिल्या दिवसापासून यूव्ही फिल्टर (लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची, अतिनील किरण अडवणारी काच) आहे. दुकानदारानेच चढवून दिला, "भाऊ, याच्याशिवाय लेन्स बॅगेतून काढू नका" म्हणाला. फिल्टर एकदम स्वस्तातला.

अडचण रात्रीची आहे. वरातीत नवरदेव घोड्यावर, मागे डीजेच्या गाडीचे एलईडी आणि डोक्यावर लाइटच्या माळा. अशा फोटोत फेट्यावर, शेरवानीवर हिरवट ठिपके उमटतात. झूम करून बघितलं तर ते नुसते ठिपके नाहीत, त्या माळेचीच उलटी नक्कल आहे. माळ वर डाव्या कोपऱ्यात असेल तर तिचं भूत खाली उजवीकडे. काळ्या कोटावरून काढता येतं, जरीच्या शालूवर पडलं की एडिटिंग करणारा पोरगा रडकुंडीला येतो.

भाचा म्हणतो, "मामा, फेका तो फिल्टर. फिल्मला यूव्ही लागायचा, डोंगराचे फोटो निळसर धुरकट यायचे तेव्हा. डिजिटलमध्ये सेन्सरच्या पुढ्यातच यूव्ही अडवणारी काच बसवलेली असते." पटतं. पण भाचा पुण्यात एसीत बसून बाटल्या-डब्यांचे फोटो काढतो. त्याला काय माहीत, कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आवारात पाऊल टाकलं की रुईचे तंतू कसे चिकटतात ते. हळदीच्या कार्यक्रमात तर तेलात कालवलेली हळद थेट काचेवर उडते. करवल्यांना सांगून काही उपयोग नसतो. फिल्टर असला की काढून साबणाच्या पाण्याने धुतला, पुसला, पुन्हा लावला. लेन्स कशी धुणार?

तर जाणकारांनो, सांगा : ठिपके फिल्टरचेच आहेत हे खात्रीने कसं ओळखायचं? महागडा घेतला तर जातील का? आणि एका मित्राची २००-५०० एमएमची लांब पल्ल्याची लेन्स हतनूर धरणावरच्या पक्ष्यांसाठी काही दिवस मिळणार आहे, तिला ९५ एमएम व्यासाचा फिल्टर लागतो. मागून आणलेली वस्तू म्हणून जिवाला घोर. तिच्यासाठी एवढा खर्च करावा का? दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजारात जायचं आहे, त्याआधी काय ते ठरवायचं आहे.

प्रतिसाद, धुळ्याहून :

दादा, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. लाइट आणि त्याचं भूत फ्रेमच्या मध्यबिंदूच्या बरोबर समोरासमोर येत असेल तर तो फिल्टरच. सेन्सरवरून परत फिरलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा सेन्सरवर येतो. खात्री करायची तर घरी अंधार करा, कोपऱ्यात एक बल्ब, कॅमेरा ट्रायपॉडवर. एक फोटो फिल्टरसकट, एक काढून. पाच मिनिटांचं काम.

महागाने फरक पडतो, पण पूर्ण नाही. बिनकोटिंगच्या (चकाकी कमी करणारा लेप नसलेल्या) काचेच्या एका बाजूवरून साधारण ४ टक्के प्रकाश परततो, दोन्ही बाजू धरून ८. चांगल्या मल्टिकोटेड (अशा लेपाचे अनेक थर दिलेल्या) फिल्टरला तो एका बाजूला अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. तुमच्याकडचा ट्यूबलाइटखाली तिरपा धरून बघा. ट्यूब पांढरी लख्ख दिसली तर कोटिंग नाही, मंद हिरवी-जांभळी दिसली तर आहे. पण अंधारात डोळ्यासमोर एलईडी असेल तर अर्धा टक्काही दिसतो. म्हणून माझा हिशोब सरळ आहे. हळदीला फिल्टर, वरातीला नाही, आणि हूड (लेन्सच्या तोंडावर लावायचं प्लास्टिकचं कडं) दोन्ही वेळेला.

हूड फक्त ऊन अडवायला असतो असं आपल्याकडे का समजतात कळत नाही. मांडवाच्या खांबाला लेन्स ठोकली तर मार प्लास्टिकचा हूड खातो. फिल्टरची काच पातळ, ती आधी फुटते आणि तिच्याच कपच्या लेन्सच्या काचेवर चरे पाडतात. "फिल्टर फुटला म्हणून लेन्स वाचली" असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्या धक्क्याने फिल्टर फुटला त्याने लेन्सला काही झालंच असतं, हे कशावरून?

२००-५०० ला माझं मत नाही. लांब पल्ल्याच्या लेन्सवर हलक्या प्रतीची काच लावली की पिसांचा बारकावा पहिला जातो, आणि चांगली ९५ एमएमची काच स्वस्त नसते. तिचा हूड लावून ठेवा, बास.

प्रतिसाद, शहाद्याहून :

सारंगखेड्याला मात्र फिल्टर काढू नका भो. तापीकाठची धूळ पिठासारखी बारीक, घोडे फिरवून दाखवायला लागले की समोरचा माणूस दिसत नाही. मैदानात लेन्स बदलायची नाही, सकाळी एक लावली ती संध्याकाळपर्यंत. आणि पुसायची घाई नको. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग ब्रश, सगळ्यात शेवटी मायक्रोफायबर. खांद्यावरच्या गमछाने पुसणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ती धूळच काच घासते. पुढच्या काचेवर चार कण राहिले तरी फोटोत दिसत नाहीत. सूर्य समोर असेल तेव्हाच त्रास.

पुढे सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जाणार असाल तर उलटं. ती पहाटे पेटते, चहूकडे अंधार आणि मधे एकच मोठा जाळ. भुतं पडायला याहून सोयीची जागा नाही. बुध्यांचे (होळीत नटून नाचणाऱ्यांचे) घुंगरू-मोरपिसांचे फोटो बिनफिल्टरने काढा, राख हूडच्या बाहेर राहील एवढं अंतर ठेवा.

कोणी कॅननवाला वाचत असेल तर त्याच्यासाठी : १७-४० एल सारख्या काही लेन्सना पुढे फिल्टर लावल्यावरच धूळ-पाण्याचं सील पूर्ण होतं, असं कंपनी स्वतः सांगते. तिथे वाद नको, लावा.

धागाकर्ता :

धन्यवाद मंडळी. बल्बवाली चाचणी केली. फिल्टर काढला की भूत गायब, ट्यूबही पांढरी लख्ख दिसते. १८-१४० साठी ६७ एमएमचा मल्टिकोटेड बघतो, २००-५०० चा विषय बंद. आता नवीनच लफडं. ५० वरचा फिल्टर निघेना. बोटांनी जोर लावला तर फोकसची रिंगच फिरते. पक्कड लावू का?

प्रतिसाद, धुळ्याहून :

पक्कड नको!! बोटांनी दोन्हीकडून चिमटून धरल्याने रिंग जराशी लंबगोल होते आणि आटे अजून आवळतात. रुंद रबरबँड रिंगभोवती गुंडाळा किंवा भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, आणि पूर्ण तळवा सपाट टेकवून हलक्या हाताने डावीकडे फिरवा. लेन्सचा मागचा भाग दुसऱ्या हातात घट्ट, फोकसच्या रिंगला हात नको.

धागाकर्ता :

निघाला! बायकोचे हातमोजे कामी आले. आट्यांत हळद होती, वाळून दगड झालेली. ती जुन्या टूथब्रशने कोरडीच काढू, की काही लावू?