मदत हवी आहे: जागेवर स्टिअरिंग फिरवताना पुढून ‘टण्ण’ आवाज, माउंटिंग बदलूनही

पेट्रोल हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला, स्टिअरिंगबरोबर फिरणारा खांब). उभ्या गाडीत स्टिअरिंग टोकापर्यंत नेलं की डावीकडून ‘टण्ण’ होतं. दोन्ही बाजूंची स्ट्रट माउंटिंग (स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला धरणारी) आणि स्ट्रटला फिरू देणारी बेअरिंग नवी घातली आहेत, आवाज तसाच.

दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर बाहेरून बोटं टेकवून पाहिली (वेढ्यांच्या मध्ये घालू नका, चिमटतात). डावी स्प्रिंग स्ट्रटबरोबर सलग फिरत नाही. अडकते, पीळ खाते आणि झटक्यात सुटते. उजवी व्यवस्थित फिरते.

वळणावर हळू चालवताना वेगाबरोबर वाढणारी टकटक नाही, रबरी आवरण (बूट)ही शाबूत, म्हणून ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट बाजूला ठेवला. पहारीने उचलून पाहिलं, बॉल जॉइंटला (चाकाकडचा भाग लोअर आर्मला, म्हणजे खालच्या दांड्याला जोडणारा सांधा) खेळ नाही. लिंक रॉड (वळणावर गाडीचा कल कमी करणाऱ्या बारला जोडणारी दांडी) सोडवूनही आवाज आलाच.

आता संशय फिटिंगवर आहे. बेअरिंग उलटं बसलं असेल का? की स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या (स्प्रिंग बसते त्या बशीच्या) खाचेला टेकलेलं नाही? स्ट्रट न उतरवता यातलं नेमकं काय, हे कसं ओळखायचं? स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) लावून पुन्हा उघडण्याआधी खात्री हवी.

आणखी एक: लोअर आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट चाक लटकत असतानाच आवळले गेलेत. त्याने रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. ते सैल करून गाडी चाकांवर उभी असताना आवळणार आहे. पण या आवाजाशी त्यांचा संबंध असू शकतो का?