मदत हवी: एक्सेलमध्ये दोन तारखांमधले दिवस चुकतायत, खलाशांच्या पगाराचा प्रश्न आहे

नमस्कार मंडळी, गोव्यात मालीम जेटीवर काकांचा ट्रॉलर आहे, खलाशांचा हिशोब यंदापासून माझ्याकडे आलाय, काका वहीत लिहायचे ते सगळं मी एक्सेलमध्ये चढवलं. ए मध्ये कामावर आल्याची तारीख, बी मध्ये गावी गेल्याची, सी मध्ये =बी२-ए२, एवढंच. पण एकजण ०५/०८/२०२५ ला आला नि १०/१२/२०२५ ला गेला, त्याचे दिवस १५७ दाखवतंय! कॅलेंडर घेऊन मोजले तर १२८ होतात. दुसरा १८/०८/२०२५ ला आलेला, तिथे आकडाच नाही, #व्हॅल्यू! येतं.

मग महिन्याचं नाव लिहून मासेमारी बंदी घालून बघितली, १ जून ते ३१ जुलै, ती ६१ दिवसांची हे जेटीवर कुणालाही विचारा, शीट म्हणते ६०. माणसं झारखंड-ओडिशाहून येतात हो, रोजावर पगार, एकाचाही दिवस बुडायला नको. शनिवारी पैसे द्यायचेत, प्लीज सांगा कोणीतरी.

प्रतिसाद:
ताई, मुख्य घोळ सूत्रात नाही, तारखा उलट्या वाचल्या जातायत. लॅपटॉपचं रीजन अमेरिकेचं असणार, तिथे आधी महिना मग दिवस, म्हणजे ०५/०८ झाला ८ मे आणि १०/१२ झाला १२ ऑक्टोबर, मोजा, बरोबर १५७. अठरावा महिना नसतोच, म्हणून ती तारीख नुसता मजकूर राहिली, सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसेल बघा, खरी तारीख उजवीकडे जाते. विंडोजमध्ये रीजन इंग्लिश इंडिया करा, एक्सेल बंद करून उघडा आणि तारखा परत टाईप करा. जुन्या आपोआप सुधारणार नाहीत, कारण आत तारीख म्हणजे एक आकडा असतो, १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून पुढे मोजत आलेला. आणि वजाबाकीत पहिला दिवस सुटतो, पगाराला तो धरायचाच, म्हणून =बी२-ए२+१.

धागाकर्ती:
दादा, झालं! वही समोर ठेवून सगळ्या तारखा परत घातल्या. मध्येच तिन्ही कॉलमना तारखेचा फॉरमॅट लागला तर सी मध्ये ०७-मे-१९०० आलं, घाबरलेच, मग तुमचं १९०० वालं आठवलं, सी चा फॉरमॅट जनरल, म्हणजे साधा आकडा, केला आणि १२८ आले. बंदीचे पण ६१. खूप खूप आभार, काकांना आत्ताच दाखवते.