काम संपंना आणि डोकं चालंना झालंय, मदत पाहिजे

नमस्कार मंडळी, वाचायला रोज येतो खरं धागा पहिल्यांदाच काढालोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बेळगावात एका टॅक्सच्या ऑफिसात आठ वर्षं झाली, अकाउंट्स आणि जीएसटी बघतो. पूर्वी पाचजण होतो, आता तिघं उरलोय आणि पार्ट्या म्हणजे क्लायंट वाढल्यात. माझ्या वाटणीला ४७, त्यात निम्मे उद्यमबागेतले जॉबवर्कवाले, थोडे खडेबाजारचे दुकानदार, दोन निपाणीचे. महिना कसा जातो विचाराल तर ७ ला टीडीएस, ११ ला आर-वन म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, १४ ला टू-बी म्हणजे खरेदीवरच्या टॅक्स क्रेडिटची यादी आली की ते जुळवत बसायचं, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला थ्री-बी म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. २१ ला जरा टेकावं म्हटलं तर कुणाची तरी नोटीस येऊन पडलेली असतीय. बिलं येणार १० तारखेला संध्याकाळी, ती पण प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, नाहीतर व्हॉट्सॲपवर तिरके फोटो, आणि वर 'बेगा माडी', लवकर करा म्हणून फोन. आपण ओटीपी मागायला फोन केला की मात्र ते लग्नात असतात.

हे काय आजचं नाही, आठ वर्षं असंच चाललंय आणि मी करत आलोय. गेल्या तीन-चार महिन्यांत मात्र वेगळंच चालू झालंय. सकाळी हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर उघडतो आणि नुसता बघत बसतो. कुणाचं आधी घ्यावं तेच सुचंना. एकाची फाईल काढतो, दोन एंट्र्या मारतो, तवर दुसऱ्याचा फोन, मग त्याची काढतो, संध्याकाळी बघितलं तर सात फायली उघड्या आणि पूर्ण एकपण नाही. मग उशिरापर्यंत थांबायचं, नाहीतर लॅपटॉप घरी न्यायचा. घरात दोघंही कामाला, पोरगी चौथीत, तिचा कानडीचा अभ्यास घ्यायचा म्हणजे आधी मलाच शिकाय लागतंय.

गेल्या महिन्यात तर कहर झाला. एका पार्टीचा माल शिनोळीला जातो. वेंगुर्ला रोडनं निघालं की अर्ध्या तासात पोचतोय, खरं ते महाराष्ट्रात, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी. गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर महाराष्ट्राच्या २७ नं चालू होतोय हे डोळ्यासमोर आहे आणि मी कर्नाटकाचा २९ धरून सगळी बिलं राज्यातल्या विक्रीच्या सीजीएसटी-एसजीएसटीत टाकली. एक नव्हे, १४ बिलं. सीमाभागात जन्म काढून हद्द कुठली तेच विसरलो म्हणजे बघा! सरांच्या चेकिंगला सापडलं म्हणून वाचलो. सर ओरडले पण नाहीत, 'बरं नाही काय?' एवढंच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि परवा टिळकवाडीच्या रेल्वे गेटात थांबलेलो, गाडी गेली, गेट उघडलं, मागचे हॉर्न मारालेत आणि मी स्कूटर चालूच केली नाही. झोप नव्हती लागली, जागाच होतो. पुढं जायचं हेच डोक्यात येईना. एक म्हातारे शेजारी येऊन 'पेट्रोल संपलं काय?' म्हणाले तेव्हा भानावर आलो.

करून बघितलंय बरंच काही. पहाटे पाचला उठलो, चार दिवस टिकलं. २५ मिनिटांचा टायमर लावला, सहाव्या मिनिटाला फोन. रविवारी किल्ला तलावाला फिरायला गेलो तर तिथं पण टू-बी डोक्यात. अकरापर्यंत झोपलो तरी उठताना दमलेलाच. नोकरी सोडायला जमणार नाही, घराचं लोन आहे. हा आळस आहे काय आजार आहे, आणि काम न सोडता काम कसं उरकायचं, कुणी यातनं गेलं असेल तर सांगा.

घाटावरचा: दादा, आळशी माणसाला चुकलेल्या बिलांचं एवढं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्यात तीन गोष्टी आहेत: जीव शिणून जाणं, कामाबद्दल मन विटणं आणि कामाचा उरक कमी होणं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण बरेच दिवस निस्तरला नाही की होतं असं म्हटलंय. म्हणजे नुसतं तुम्ही सुधारून भागणार नाही. तरी एकदा हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ बघून घ्या, कधीकधी तिथंच घोडं अडलेलं असतं.

सदाहरित: रोज सकाळी योगा आणि पॉझिटिव्ह विचार. मन चंगा तो सब चंगा.

वडगावकर: @घाटावरचा, आभारी. मी दादा नाही हो, ताई! आमच्याकडं बायका पण 'गेलो, आलो'च म्हणतात. @सदाहरित, योगा करतो की, सकाळी डबे करत करत एका पायावर उभा असतो.

घाटावरचा: माफ करा ताई :) मग रात्रीचा लॅपटॉप आधी बंद करा. तुमची दुसरी शिफ्ट घरी आहेच, ही तिसरी होते.

तिसरी_शिफ्ट: ताई, मी याच धंद्यातला, हुबळीत. दोन वर्षांपूर्वी माझं हेच झालं होतं. आधी एक करा, ४७ नावं एका कागदावर लिहा आणि ५ कोटीच्या आत उलाढाल कुणाची ते बघा. त्यांना तिमाही स्कीममध्ये घालता येतंय. थ्री-बी वर्षाला बाराच्या जागी चार होतात. पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स २५ पर्यंत चलनानं भरावा लागतोय तेवढंच. जॉबवर्कवाले कुरकुरतील, त्यांच्या गिऱ्हाइकाला दर महिन्याला क्रेडिट पाहिजे असतंय, तर त्या दोन महिन्यांची त्यांची बिलं पुढच्या १३ पर्यंत आयएफएफमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या बिलं चढवायच्या सोयीत टाकायची. तुमच्या सरांनी हे अजून का केलं नाही तेच कळंना, किराणा दुकानदाराला दर महिन्याला कशाला पळवायचं? दुसरं, २७-२९ सारखं डोकं लागणारं काम सकाळी पहिल्या दीड तासात, फोन ड्रॉवरमध्ये. एंट्र्या दुपारी, त्या अर्धवट झोपेत पण होतात. आणि फाईल मधेच सोडताना कुठवर आलो त्याची चिठ्ठी वर डकवा, नाहीतर परत आल्यावर पहिली दहा मिनिटं तेच शोधण्यात जातात.

खानापुरी: गेटातलं वाचून काळजी वाटली ताई. स्कूटर आहे, सांभाळा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर, चोवीस तास फुकट आहे, भाषा निवडता येते. माझ्या भावानं केला होता. वेड लागल्यावरच करायचा असतो असं काय नाही.

वडगावकर: सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा गेला, माफ करा. कागद घेऊन सरांकडं गेलो. नुसतं 'जमंना झालंय' म्हणालो असतो तर 'बघू' म्हणाले असते, ४७ नावं बघितल्यावर चष्मा काढून बसले. नऊजणांना पुढच्या तिमाहीपासून स्कीममध्ये घालायचं ठरलंय. नवीन माणूस घ्यायचं विचारलं, तिथं मात्र 'बघू'च. ५ तारखेनंतर बिलं घेणार नाही असा बोर्ड लावलाय, कानडीत आणि मराठीत, कोण ऐकंल वाटत नाही. फोन ड्रॉवरमध्ये ठेवालोय, दोन पार्ट्यांनी सरांकडं तक्रार केली, एकानं तर मी सोडून गेलो काय म्हणून विचारलं. ११ तारखेला पहिल्यांदा साडेसातला घरात होतो. खानापुरीदादा, नंबर सेव्ह केलाय, अजून लावला नाही, थोडी भीती वाटतीय. २० पर्यंत स्कूटर घरातच, बसनं जातोय. रक्ताचा रिपोर्ट उद्या मिळणार, आला की इथंच लिहितो.