मदत हवी आहे: पार्क सिटी (युटा) - नात स्की शिकताना आजोबांना बसून बघता येईल अशी जागा

नमस्कार मंडळी,

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही फिनिक्सहून पार्क सिटीला चाललोय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि अकोले तालुक्यातून आलेले माझे आई-बाबा. विमानाची तिकिटं झाली, राहायचं ठरलं. अडलंय ते बाबांपाशी.

बाबा ६९ वर्षांचे. शाळेत भूगोल शिकवायचे, पावसाळा सरला की पोरांना घेऊन कळसूबाई चढायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बीपीची गोळी चालू आहे. सपाटीवर अर्धा तास चालतात. पायऱ्या मात्र कठडा धरून, एकेक.

गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे मुलांचा क्लास खुर्च्यांच्या लिफ्टने डोंगरावर, आणि पायी जाणाऱ्यांना वर सोडत नव्हते. बाबा तीन तास गाडीत बसून होते. मांडीवर चहाचा थर्मास, काचेवर धरलेली वाफ रुमालाने पुसत. लेक आली ती हेच विचारत, "आजोबा, मी एकदाही पडले नाही, बघितलं ना?" बाबा म्हणाले, "बघितलं की." ते ऐकून मला फार लागलं. यंदा त्यांनी खरंच बघायला हवं.

तेव्हा पहिला प्रश्न हाच: नवशिक्या मुलांचा उतार खालीच, बसायच्या जागेसमोर कुठे आहे? तिथल्याच डियर व्हॅली या स्की रिसॉर्टमध्ये स्नोबोर्डला (एकाच रुंद फळीवर उभं राहून घसरण्याला) बंदी आहे, म्हणून लहान मुलांना तिथेच न्या असं काही जण सांगतात. तुमचा अनुभव काय?

दुसरं, उंची. कळसूबाई १६४६ मीटर आणि पार्क सिटीचा मेन स्ट्रीटच साधारण २१०० मीटरवर. फिनिक्स तर जेमतेम साडेतीनशे. बाबांना त्रास होईल का? डॉक्टरांची वेळ घेतली आहेच, पण वडीलधाऱ्यांना नेलेल्यांचं ऐकायचंय. गाडी भाड्याने घ्यावी का, हेही सांगा.

प्रतिसाद

ताई, मी सॉल्ट लेक सिटीला राहते, माझ्या सासूबाईंना दोनदा नेलंय. पहिली रात्र सॉल्ट लेकमध्येच काढा. ते साधारण १३०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या आसपास. तिथल्या विमानतळावरून पार्क सिटी पाऊण तासावर, घाई कशाला? वर गेल्यावर पहिला दिवस नुसता आरामाचा. पाणी सारखं प्यायला द्या, हवा फार कोरडी असते. थोडं डोकं दुखणं, झोप न लागणं होतं. पण बसल्या जागी धाप लागली तर वाट बघू नका, लगेच खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

गाडीची गरज नाही. गावातल्या बस फुकट आहेत. मेन स्ट्रीट चांगलाच चढाचा आहे, तिथेही फुकट ट्रॉली फिरते. खरी भीती पार्किंगमधल्या गोठलेल्या बर्फाची. बुटांवर चढवायचे काटेवाले रबरी पट्टे मिळतात, ते आधीच घ्या.

उताराचं म्हणाल तर मी पार्क सिटी माउंटन या गावातल्या दुसऱ्या स्की रिसॉर्टच्या पायथ्याला जाईन. नवशिक्यांची 'फर्स्ट टाइम' लिफ्ट तिथेच, खाली आहे. फक्त बुकिंग करताना मुलांचा वर्ग पूर्णवेळ खालीच असतो का, हे फोनवर नक्की विचारा. थोडं जमायला लागलं की मुलांना वर नेतात. स्नोबोर्डवरून ठिकाण ठरवू नका.

बाबा भूगोलाचे शिक्षक, तर त्यांना सांगा, हे मुळात चांदीच्या खाणींचं गाव. १८९८ च्या आगीत बरंचसं जळलं, पुन्हा उभं राहिलं. चांदीला भाव उरला नाही तेव्हा १९६३ मध्ये खाण कंपनीनेच स्कीचा उद्योग सुरू केला. काही वर्षं तर स्की करणाऱ्यांना खाणीच्या रेल्वेने डोंगराच्या पोटात नेऊन खाणीच्या उभ्या लिफ्टने वर काढत! मेन स्ट्रीटवरचं संग्रहालय चुकवू नका, तळघरात जुना तुरुंग आहे.

धागाकर्ती

खूप खूप आभार! पहिली रात्र सॉल्ट लेकची केली. क्लाससाठी फोन केला: पहिले दोन दिवस मुलं खालीच असतात म्हणाले, तेवढ्याच दिवसांचं बुकिंग केलं. बाबांना सगळं वाचून दाखवलं. खाणीची रेल्वे त्यांनी दोनदा वाचायला लावली. आता विचारतायत, त्या तळघराला पायऱ्या किती आणि कठडा आहे का?